ऑस्ट्रेलियाचे पहिले दर्यावर्दी: वाहून गेले की ठरवून गेले?

प्रश्न असा विचारला आहे: पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वी, हातात फक्त दगडाची हत्यारं असलेली माणसं समुद्र ओलांडून ऑस्ट्रेलियात गेली असं आपण वाचतो. त्या काळातली एकही होडी सापडलेली नाही. मग ती ठरवून गेली हे कशावरून? वादळात एखाद्या ओंडक्याला धरून वाहत गेली नसतील कशावरून? आणि जाता जाता, ती आपल्याकडून, भारताच्या किनाऱ्याने गेली का?

मी गेली अठ्ठावीस वर्षं समुद्रकाठच्या प्रागैतिहासिक वस्त्यांवर काम करते. रोजचं काम म्हणजे शिंपले, माशांची हाडं आणि दगडाचे छिलके वेगळे करणं, मोजणं, नोंदवणं. त्याआधीचं माझं बालपण सिंधुदुर्गातल्या एका रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) गावात गेलं, आणि या प्रश्नाकडे बघताना ते मला पुस्तकांइतकंच उपयोगी पडतं. माझं उत्तर आधीच देऊन टाकते: ती माणसं ठरवून गेली, एकापेक्षा जास्त वेळा गेली, आणि बायका-मुलांसह गेली. होडी मिळालेली नसताना हे इतक्या ठामपणे कसं म्हणता येतं, ते आता सांगते.

आधी तेव्हाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. हिमयुग चालू होतं. पृथ्वीवरचं बरंच पाणी बर्फाच्या थरांत अडकलेलं होतं, त्यामुळे समुद्र आजच्यापेक्षा साधारण ६० ते ८५ मीटर खाली होता. सुमात्रा, जावा, बाली, बोर्निओ ही बेटं नव्हतीच. आशियाला जोडलेली सलग जमीन होती. तिला सुंदा म्हणतात. पलीकडे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी मिळून एकच खंड होता, त्याचं नाव साहुल. या दोन्हींच्या मध्ये सुलावेसी, फ्लोरेस, तिमोर, मालुकू अशी बेटांची रांग आहे, तिला वॉलेसिया म्हणतात. मधला समुद्र इतका खोल आहे की पाणी सर्वांत खाली गेलं तेव्हाही, म्हणजे सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी ते १२० मीटरहून जास्त उतरलं तेव्हाही, ही बेटं दोन्हीकडच्या जमिनीला जोडली गेली नाहीत. १८५६ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेस बालीहून लोम्बोकला गेला. मधली सामुद्रधुनी जेमतेम ३५ किलोमीटरची, पण पलीकडे पाऊल ठेवताच त्याला काकाकुवे दिसू लागले, जे अलीकडे नव्हते. वाघ बालीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. हजारो वर्षं जमिनीवरच्या बहुतेक मोठ्या प्राण्यांना जे पाणी अडवत होतं, ते माणसाने ओलांडलं.

किती वेळा ओलांडावं लागलं? १९७७ मध्ये जोसेफ बर्डसेल यांनी संभाव्य वाटा नकाशावर आखल्या. एक उत्तरेची: बोर्निओहून सुलावेसी, तिथून मालुकूमार्गे न्यू गिनीच्या पश्चिम टोकाला. दुसरी दक्षिणेची: बालीहून लोम्बोक, फ्लोरेस, तिमोर आणि मग थेट ऑस्ट्रेलियाचा तेव्हाचा वायव्य किनारा. कुठूनही जा, आठ-दहा वेळा तरी समुद्रात उतरावं लागतंच, आणि दक्षिणेच्या वाटेवरचा शेवटचा टप्पा ८०-९० किलोमीटरच्या घरातला आहे. गेटवेहून मांडव्याला जाणारी लाँच वीसएक किलोमीटर कापते. त्याच्या चौपटीहून जास्त, आणि इंजिनाशिवाय.

आता ओंडक्याची गोष्ट. ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण असं खरोखर घडतं. २००४ च्या त्सुनामीत आचेच्या किनाऱ्यावरून वाहून गेलेला एक तरुण झाडांच्या फांद्यांच्या तरंगत्या ढिगाऱ्यावर आठ दिवस काढून जिवंत सापडला. मोठ्या पुरात नद्या अख्खी झाडं, कधी मुळांसकट मातीचे तुकडेच्या तुकडे समुद्रात लोटतात. आणि याहून जुना पुरावाही आहे. फ्लोरेस बेटावर दहा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं आहेत. सुलावेसीत कॅलिओ इथे २०२५ मध्ये जाहीर झालेली हत्यारं किमान १० लाख ४० हजार वर्षं जुनी आहेत. ती आपल्या जातीच्या, म्हणजे होमो सेपियन्स या मानवजातीच्या, माणसाची असूच शकत नाहीत, आपण तेव्हा जन्मालाच आलो नव्हतो. फ्लोरेसच्या लिआंग बुआ गुहेत २००३ मध्ये सापडलेला साडेतीन फुटी होमो फ्लोरेसिएन्सिस हा खुजा मानव त्याच जुन्या लोकांचा वंशज असावा. ती माणसं बहुधा वाहूनच पोचली, असं मला वाटतं.

पण याच पुराव्यातून पुढची गोष्ट निघते, आणि माझ्या दृष्टीने या साऱ्या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा तो आहे. त्या जुन्या माणसांना दहा लाख वर्षं मिळाली. दहा लाख वर्षांत त्सुनामी किती, चक्रीवादळं किती, पूर किती! तरीही साहुलमध्ये त्यांचा आजवर मागमूस मिळालेला नाही. जी एखाद्या बेटावर पोचली ती तिथेच राहिली, पिढ्यान् पिढ्या अडकली, फ्लोरेसवर तर आकाराने खुजी झाली. नुसत्या वाहण्याने एवढंच साधतं. मग आपल्या जातीचा माणूस या भागात येतो आणि काही हजार वर्षांच्या आत सुलावेसी, तिमोर, न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया आणि त्यापलीकडची बिस्मार्क बेटंसुद्धा वसवतो. वारे, प्रवाह, वादळं तीच होती. बदल माणसात झाला होता.

दुसरा मुद्दा लोकसंख्येचा. समजा वादळात पाच माणसं वाहत ऑस्ट्रेलियाला लागली. त्यांत बायका किती? मूल होण्याच्या वयाच्या किती? पहिल्या दुष्काळात, पहिल्या साथीत, एका बाळंतपणात किती उरतील? अशी टोळी दोन-तीन पिढ्यांत संपते. २०१९ मध्ये कोरी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं. शिकारी-संकलक समाजांचं जन्माचं, मृत्यूचं प्रमाण, त्या काळच्या हवामानानुसार जमीन किती माणसं पोसू शकेल, हे सगळं धरून उत्तर आलं: साहुलमध्ये टिकून राहण्यासाठी सुरुवातीला किमान १,३०० ते १,५५० माणसं लागतात. एकदम आली तर तेवढी. नाहीतर १३०-१५० च्या गटांनी, सातशे ते नऊशे वर्षांच्या काळात येत राहिली तर. हे गणित आहे, उत्खननातला पुरावा नाही, आणि त्यातले आकडे पुढेमागे हलतील. पण या हिशेबात ते शेकड्यांच्या खाली जात नाही. ओंडक्यावर बसून शेकडो माणसं येत नाहीत.

याच सुमारास मायकल बर्ड आणि इतरांनी तिमोर आणि शेजारच्या रोती बेटाहून निघणाऱ्या तराफ्यांची संगणकावर हजारो वेळा सफर घडवली. नुसतं सोडून दिलं तर साहुलला लागण्याची शक्यता फार थोडी. पण वल्ही मारत दिशा धरून ठेवली, आणि योग्य मोसमात निघालं, तर ती चांगलीच वाढते. मला हे निष्कर्ष पटायला सोपे गेले, कारण प्रवाहाची ताकद मी लहानपणी पाहिली आहे. आमच्या खाडीच्या तोंडाशी उधाणाच्या दिवशी सुकती लागली की चांगला वल्हवणाराही जागच्या जागी राहतो. आमचे आजोबा भांगाच्या, म्हणजे मंद भरती-ओहोटीच्या, दिवसांत पलीकडे जायचे, उधाणात नाही. वॉलेसियात तर भरती-सुकतीच्या जोडीला पॅसिफिककडून हिंदी महासागराकडे जाणारा कायमचा ओघ आहे. आज त्या सामुद्रधुन्यांमधून सेकंदाला सरासरी दीड कोटी घनमीटर पाणी जातं. तो ओघ मुख्यतः उत्तरेकडून दक्षिणेकडे, आणि माणसांना जायचं पूर्वेला. आडवा प्रवाह कापायचा असेल तर कुणीतरी वल्हं हातात घेतलेलं असलंच पाहिजे.

हेच जपानमध्ये प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. योसुके काइफु यांच्या गटाने तैवानहून योनागुनी बेटाकडे जाण्याचा प्रयत्न वर्षानुवर्षं केला, कारण योनागुनी ज्या साखळीत आहे त्या र्युक्यू बेटांवर ३५ ते ३० हजार वर्षांपूर्वी माणूस पोचला होता आणि वाटेत कुरोशिओ हा जगातल्या बलाढ्य प्रवाहांपैकी एक आडवा येतो. आधी लव्हाळ्यांचा तराफा केला. मग बांबूचा केला. दोन्ही प्रवाहाला पुरे पडले नाहीत. शेवटी धार घासून केलेल्या दगडी कुऱ्हाडींच्या प्रतिकृतींनी सुगी (जपानी सीडर) जातीचं एक झाड पाडून, कोरून साडेसात मीटरची डोणी केली. जुलै २०१९ मध्ये चार पुरुष आणि एक बाई अशा पाच जणांनी ती २२५ किलोमीटर वल्हवत ४५ तासांत योनागुनीला नेली. होकायंत्र नाही, नकाशा नाही. योनागुनी सखल आहे, त्यामुळे प्रवासाचा बराच भाग त्यांना ते दिसतही नव्हतं. याच गटाने उपग्रहाने माग ठेवलेल्या १३८ बोयांच्या नोंदी तपासल्या, जे तैवान-लुझोनजवळून आपोआप वाहत गेले होते. त्यातले मूठभरच त्या बेटांजवळ फिरकले. म्हणजे वाहत जाणारी वस्तू तिथे सहसा लागत नाही.

मग आपल्या पहिल्या दर्यावर्द्यांकडे कसलं वाहन होतं? इथे मी सावध आहे. वॉलेसियात मांडीएवढा जाड बांबू वाढतो. दोन्ही बाजूंनी बंद, आतून पोकळ पेरं. म्हणजे निसर्गानेच हवा भरून ठेवलेली. दगडाच्या हत्याराने तो तोडता येतो, वेताने बांधता येतो, आणि पेरं कापून घेतलं की त्यात पिण्याचं पाणीही नेता येतं. १९९८ च्या डिसेंबरात रॉबर्ट बेडनारिक यांच्या गटाने तिमोरहून असाच बांबूचा मोठा तराफा तेरा दिवसांत ऑस्ट्रेलियाच्या मेलव्हिल बेटापर्यंत नेला, आणि हिमयुगातला किनारा तर त्याहून पुष्कळ अलीकडे होता. पण त्या तराफ्याला शीड होतं, आणि इतक्या जुन्या काळी शीड असल्याचा पुरावा नाही, हे ध्यानात ठेवायला हवं.

बांबूची अडचण मला हाताने माहीत आहे. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांबरोबर मी आमच्या खाडीत अकरा बांबूंचा तराफा बांधला. सुंभाने आवळला. पहिल्या दिवशी तो सुंदर तरंगला, सहा माणसं आरामात बसली. दुसऱ्या दिवशी सुंभ भिजून सैल पडला, तर उन्हाने दोन बांबूंना चिरा गेल्या आणि पेऱ्यांत पाणी शिरून ती बाजू खाली बसली. वल्हवताना तर तराफा म्हणजे पाण्यावर ठेवलेला दरवाजाच. जोर लावला तरी वेग येत नाही. त्या दोन दिवसांत आम्हाला एक कळलं: अशा वाहनावर नव्वद किलोमीटर जाणाऱ्या माणसाने आधी नऊ किलोमीटर शेकडो वेळा केलेले असणार. बांध कुठला, बांबू किती दिवस वाळवायचा, किती माणसांना तो पुरतो, हे एका वादळाच्या रात्री सुचत नाही.

दुसरी शक्यता कोरलेल्या डोणीची. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे माजेडबेबे या मिरार लोकांच्या भूमीतल्या शैलाश्रयात, अगदी खालच्या थरांत, धार घासून केलेल्या दगडी कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. जगातल्या अशा सर्वांत जुन्या कुऱ्हाडींमध्ये त्यांची गणना होते. म्हणजे लाकूडकामाची हत्यारं तिथे पोचलेल्या पहिल्या पिढ्यांकडे होती. त्यांनी त्याच कुऱ्हाडीने डोणी कोरल्या, एवढं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. एक गैरसमज दूर करते. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या होड्यांना बाजूला उलांडी असते. लाटेवर तोल सांभाळणारी ती आडवी लाकडं आणि त्यांच्या टोकाचा तरंगता सोट. ही रचना ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्द्यांकडून हिंदी महासागरभर पसरली असं मानतात, आणि ते सगळं गेल्या चार-पाच हजार वर्षांतलं. चित्रांत पहिल्या ऑस्ट्रेलियन माणसांना उलांडीच्या, शिडाच्या नावेत दाखवतात, ते चूक आहे.

लोक विचारतात, नंतरच्या ऑस्ट्रेलियन आदिवासींकडे मोठ्या नावा का नव्हत्या? किंबर्लीच्या बार्दी लोकांचे खारफुटीच्या हलक्या लाकडाचे दुहेरी तराफे, झाडाच्या सालीच्या डोण्या, टास्मानियातल्या काही तासांत भिजून जड होणाऱ्या सालीच्या मोळ्या: ही वाहनं जवळच्या पाण्यासाठीच आहेत. पण तिकडे पोचल्यावर समोर अख्खा खंड पडलेला होता. त्यांना पुढे कुठे जायचं होतं? न्यू गिनीच्या ईशान्येला, जिथे पुढे बेटं होती, तिथे त्यांचे भाऊबंद जातच राहिले. त्याकडे मी येतेच.

त्याआधी दिसण्याबद्दल. "पलीकडे जमीन आहे हे त्यांना कळलं कसं?" हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि त्याचं उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. किनाऱ्यावर उभ्या माणसाला क्षितिज साडेचार किलोमीटरवर दिसतं. चढत जा, ते दूर सरकतं: उंचीच्या, मीटरमधल्या आकड्याच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणा, किलोमीटर मिळतात. चारशे मीटरच्या डोंगरावरून ७१ किलोमीटर. समोरचं बेटही शंभर मीटर उंच असेल तर त्याचा माथा आणखी ३६ किलोमीटर पलीकडून, म्हणजे १०७ किलोमीटरवरूनही डोकावतो. वॉलेसियाची बेटं ज्वालामुखींची, डोंगराळ. तिमोरचा सर्वोच्च डोंगर जवळजवळ तीन हजार मीटरचा आहे. शिमोना कीली, जूलियन लुई आणि सू ओ'कॉनर यांनी तेव्हाच्या समुद्रपातळीवर कुठल्या बेटावरून कुठलं बेट दिसलं असतं हे तपासलं, तेव्हा उत्तरेच्या वाटेवर सुंदापासून साहुलपर्यंत जवळपास सलग, एकावरून दुसरं दिसत जाणारी साखळीच निघाली. सुलावेसीहून मालुकूकडे जाणाऱ्या या वाटेला ते कमी कष्टाची मानतात.

दक्षिणेकडे तसं सोपं नाही. साहुलचा वायव्य किनारा सखल होता. पण तिथे समुद्रात आता बुडालेल्या बेटांची एक रांग होती, आणि नजरेपलीकडच्या जमिनीच्याही खुणा असतात. डोंगरावर उभं राहिलं की समोरच्या आभाळात एकाच जागी रोज दुपारी ढग थांबतो, तो बेटावरचा असतो. पक्ष्यांचे थवे दर वर्षी एकाच दिशेला जातात आणि परत येतात. मधे पाणीच पाणी असतं तर ते कुठे उतरले असते? उत्तर ऑस्ट्रेलियात पावसाळ्याआधी विजांनी वणवे लागतात, त्यांचा धूर किलोमीटर-किलोमीटर वर चढतो. मी तिमोर-लेस्तेच्या पूर्व टोकाला, तुतुआलाच्या कड्यावर एक संध्याकाळ उभी होते. समोर दक्षिणेला काही दिसत नव्हतं. पण ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे, ज्याच्या आजीने आणि पणजीने तिथूनच बघितलं आहे, त्याला मला दिसतं त्याहून पुष्कळ जास्त दिसत असणार, असं तेव्हा फार तीव्रतेने वाटलं.

वारा कधी धरायचा, हेही त्याच शहाणपणातलं. आपला नैऋत्य मोसमी वारा ज्या व्यवस्थेचा भाग आहे, तिचाच दक्षिण गोलार्धातला मोसम डिसेंबर ते मार्च असतो. तेव्हा तिमोरच्या समुद्रात वारा वायव्येकडून, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दिशेने वाहतो आणि पाऊसही आणतो. उष्ण कटिबंधात वल्हवणाऱ्या माणसाला दिवसाला चार-पाच लिटर पाणी लागतं. ताशी तीन किलोमीटर धरले तर नव्वद किलोमीटरला तीस तास. पाणी संपलं तरी वरून पडणारं आहे, आणि वारा पाठीशी आहे.

समुद्राशी त्यांचं नातं किती जवळचं होतं, याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा तिमोर-लेस्तेच्या जेरिमलाई शैलाश्रयातला आहे. त्याला आता असिताउ कुरु म्हणतात. सू ओ'कॉनर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तिथून ३८ हजारांवर माशांची हाडं जाहीर केली. सर्वांत जुने थर ४२ हजार वर्षांपूर्वीचे, आणि त्यांत निम्म्याच्या आसपास मासे कुपा-ट्युनासारखे, उघड्या समुद्रात वेगाने पोहणारे. शिंपल्याचा एक गळही मिळाला, १६ ते २३ हजार वर्षांपूर्वीचा. यावर आक्षेप आहे आणि तो योग्य आहे: त्या किनाऱ्याला पाणी काठाशीच एकदम खोल होतं, आणि सापडलेले ट्युना बरेचसे लहान आकाराचे आहेत, तेव्हा ते किनाऱ्याजवळूनही धरले असतील. मला तो आक्षेप अर्धा मान्य आहे. खोल समुद्रात जाळी टाकत होते असं मी म्हणणार नाही. पण ट्युना हातात आपोआप येत नाही. रापणीला बांगड्याची खबर देणारा माणूस टेकडीवर बसून पाण्याचा रंग बघतो. मासा कुठे, कधी, किती वेगाने वळतो, हे ज्या समाजाला माहीत आहे तोच असे मासे पकडतो.

पण खरा मुद्देमाल पुढे, बिस्मार्क आणि सॉलोमन बेटांत आहे. न्यू आयर्लंडवर माणूस सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी होता. सॉलोमनच्या बुका बेटावरच्या किलू गुहेत २९ हजार वर्षांपूर्वी. मानुस बेट तर असं आहे की तिथे जाताना मधले कित्येक किलोमीटर मागचीही जमीन दिसत नाही आणि पुढचीही नाही. तिथेही ते हिमयुग संपायच्या आत पोचले. आणि सुमारे २० हजार वर्षांपूर्वी न्यू ब्रिटन बेटावरच्या तालासेआची काळी ज्वालाकाच (ऑब्सिडियन, म्हणजे धारदार फुटणारी ज्वालामुखीची काच) साडेतीनशे किलोमीटरवरच्या न्यू आयर्लंडवर येऊ लागली. त्याच सुमारास न्यू आयर्लंडवर कस्कस हा झाडावर राहणारा पोटपिशवीचा प्राणी अचानक दिसू लागतो, जो तिथला नव्हता. कुणीतरी तो जिवंत, नावेत घालून आणला, खाण्यासाठी सोडला आणि वाढू दिला. दगड आणि प्राणी वाहत येऊन असे नेमके जागी लागत नाहीत. ही ये-जा आहे, बाजारहाट म्हणावी इतकी नियमित. तिच्या आधीच्या पिढ्यांनी समुद्र निव्वळ नशिबाने ओलांडला, असं मानायला मला कारण दिसत नाही.

आता सनावळीचा वाद, थोडक्यात. माजेडबेबेचा सर्वांत जुना दाट थर ६५ हजार वर्षांचा आहे असं ख्रिस क्लार्कसन यांच्या गटाने २०१७ मध्ये मांडलं. ही तारीख वाळूच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं, ते मोजून काढलेली आहे. टीकाकार म्हणतात की वाळवीने आणि झिरपणाऱ्या पाण्याने हत्यारं वरून खाली सरकली. शिवाय ऑस्ट्रेलियन आदिवासींसकट आफ्रिकेबाहेरच्या सगळ्यांत निअँडरथलचा अंश आहे, आणि तो संकर २०२४ च्या अभ्यासांनुसार सुमारे ५० ते ४३ हजार वर्षांपूर्वीचा. मग ६५ हजारांचं कसं जमणार? उलट बाजूला, २०२५ मध्ये मातेकडून येणाऱ्या डीएनएच्या एका मोठ्या अभ्यासाने साठ हजारांच्या आसपासची, आणि तीही दोन्ही वाटांनी झालेली, आगमनाची वेळ काढली. मी स्वतः ५० ते ५५ हजारांवर निर्धास्तपणे उभी राहते. राजा अम्पात द्वीपसमूहातल्या वायगेओ बेटावर मोलोलो गुहेत झाडाच्या डिंकाचा एक छोटासा, कापून-मोडून घडवलेला तुकडा मिळाला आहे, ५५ ते ५० हजार वर्षांपूर्वीचा. न्यू गिनीच्या दारातलंच ते बेट. सुलावेसीच्या लेआंग काराम्पुआंगमधलं चित्र किमान ५१,२०० वर्षांचं. पापुआच्या इवाने खोऱ्यात दोन हजार मीटर उंचीवर ४९ हजारांच्या सुमारास माणसं केवड्याच्या कुळातली फळं आणि कंद खात होती. आणि तिमोरच्या लाइली गुहेत मात्र ४४ हजारांच्या आधीचे थर रिकामे आहेत. हे सगळं एकत्र पाहिलं की माझं मत उत्तरेच्या वाटेकडे झुकतं. सर्वांत आधी न्यू गिनी. तिमोरची वाट नंतर रुळली असावी.

भारताचं काय? आफ्रिकेतून पूर्वेकडे येणाऱ्या या लोकांचे पूर्वज दक्षिण आशियातून आले असणार, हे भूगोल पाहता जवळजवळ अटळ आहे. आंध्रातल्या ज्वालापुरमला रवी कोरिसेट्टर आणि मायकल पेट्राग्लिया यांनी तोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या राखेच्या खाली आणि वर, दोन्हीकडे दगडी हत्यारं शोधली. ती आपल्या जातीच्या माणसाची की त्याआधीच्या, यावर एकमत नाही, कारण सोबत हाडं नाहीत. २००९ मध्ये भारतातल्या काही आदिवासी समाजांत आणि ऑस्ट्रेलियन आदिवासींत मातेकडून येणाऱ्या डीएनएचे काही समान बदल आढळले. चार हजार वर्षांपूर्वी भारतातून ऑस्ट्रेलियात लोक गेले, असा दावा २०१३ मध्ये झाला होता; २०१६ च्या पुरुषवंशाच्या अभ्यासाने त्याला आधार दिला नाही, दोन्हीकडच्या वंशरेषा पन्नास हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच वेगळ्या झाल्याचं त्यात दिसलं. तेव्हा ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी "भारतातून गेले" असं म्हणू नये. त्यांचे आणि आपल्यातल्या अनेकांचे काही पूर्वज एकाच वाटेवर होते, आणि ते लोक पुढे गेले.

ती वाट किनाऱ्याची होती का, हे कोकणात शोधायला गेलं तर हात रिकामे राहतात, कारण तो किनारा आज पाण्याखाली आहे. मुंबईसमोरचा समुद्रबूड जमिनीचा पट्टा फार रुंद आणि उथळ आहे. समुद्र शंभर मीटर उतरला की पाणी दीडशे-दोनशे किलोमीटर मागे सरतं. तिथल्या चुली, तिथले शिंपल्यांचे ढीग सगळे खाली गेले. होड्यांचंही तेच. जगातली सर्वांत जुनी ज्ञात होडी, नेदरलँड्समधली पेस्सेची डोणी, फक्त दहा हजार वर्षांची आहे, आणि तीही दलदलीत पुरली गेली म्हणून टिकली. पन्नास हजार वर्षांचा बांबू उष्ण किनाऱ्यावर टिकण्याची अपेक्षाच चुकीची आहे. त्यामुळे "होडी दाखवा" हा आग्रह धरणाऱ्यांना मी किलू गुहा आणि तालासेआची ज्वालाकाच दाखवते.

तरी बुडालेल्या किनाऱ्याकडे पाठ फिरवायचं कारण नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या मुरुजुगाजवळ, केप ब्रुगियेरसला, पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी २०२० मध्ये २६९ दगडी हत्यारं जाहीर केली, पाण्याखाली २.४ मीटरपर्यंत पडलेली, किमान सात हजार वर्षं जुनी. जवळच १४ मीटर खोलीवर, एका बुडालेल्या गोड्या झऱ्यापाशी, त्याहून जुनं हत्यार मिळालं. वायगेओ आणि न्यू गिनीच्या मधला पन्नास हजार वर्षांपूर्वीचा किनारा त्याच्या पाचपट खोल आहे. तिथल्या जुन्या नदीमुखांत, जिथे चिखल हवा लागू देत नाही, तिथे सोनार घेऊन एक मोसम काढायला मिळावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.